अभ्यासाच्या टेबलावरचा गेमिंग लॅपटॉप

कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा कुठे खर्च झालेला असतो आणि कुठे वाचवलेला असतो, हे एकदा नीट लक्षात घेतले की त्याचा रोजचा वापर पुष्कळ सोपा होतो. खर्च झालेला असतो तो प्रोसेसरवर, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डवर आणि त्या दोघांना थंड ठेवणाऱ्या तांब्याच्या नळ्या व पंख्यांवर. वाचवलेला असतो तो स्क्रीनवर, बॅटरीवर, बाहेरच्या प्लॅस्टिकवर, कॅमेऱ्यावर, स्पीकरवर आणि टचपॅडवर, म्हणजे डोळ्यांना, कानांना आणि बोटांना जे जे जाणवते त्या जवळजवळ सगळ्यावर. अभ्यास करणाऱ्याचा संबंध दिवसाचा बहुतेक वेळ या दुसऱ्या यादीशी येतो आणि पहिल्या यादीतली ताकद कधीतरीच लागते. पण जेव्हा लागते तेव्हा तिला पर्याय नसतो. प्रोग्रॅमिंग, मॉडेल ट्रेनिंग (म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवणे), नोट्स, ऑनलाइन तासिका आणि अधूनमधून एखादा गेम, या सगळ्यासाठी मी असाच एक लॅपटॉप वापरते. तो कारखान्यातून येतो तो पूर्ण ताकदीने पळण्यासाठी मांडलेला असतो. त्याला अभ्यासासाठी शांत आणि संथ चालायला लावणे हे आपल्याला स्वतः करावे लागते, आणि ते करणे शक्य आहे असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करायला हवी, कारण बॅटरी टिकत नाही ही जी सर्वांत मोठी तक्रार असते तिचे मूळ बहुधा तिथेच सापडते. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: एक प्रोसेसरच्या आतले, कमी वीज खाणारे, आणि दुसरे एनव्हिडिया किंवा एएमडीचे स्वतंत्र कार्ड. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची व्यवस्था आणली तेव्हापासून साधे काम आतल्या ग्राफिक्सवर चालते आणि मोठे काम आले की स्वतंत्र कार्ड जागे होते. त्याने तयार केलेले चित्रही आतल्या ग्राफिक्समार्फतच स्क्रीनवर पोहोचते. काम संपले की कार्डाने पूर्ण झोपावे अशी अपेक्षा असते. ते झोपले आहे की नुसतेच रिकामे बसले आहे, यावर बॅटरीचे सगळे गणित ठरते. समजा बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि मंद प्रकाशात नोट्स लिहिताना लॅपटॉप दहा वॅट घेतो. म्हणजे पाच तास मिळायला हवेत. कार्ड काहीही न करता केवळ जागे राहिले तरी आणखी आठ-दहा वॅट सहज जातात आणि पाचाचे अडीच तास होतात. वापरणाऱ्याला मात्र स्क्रीनवर काहीच वेगळे दिसत नाही.

त्याला जागे ठेवणारे प्रोग्रॅम फार क्षुल्लक असतात. हलते वॉलपेपर, गेमच्या दुकानांचे लाँचर, कीबोर्डचे दिवे सांभाळणारे सॉफ्टवेअर, कधी ब्राउझर, कधी चॅटचे ॲप. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉप या मेन्यूखाली एक पर्याय आहे, ज्याने घड्याळाजवळ एक लहानसे चिन्ह येते. कार्ड कोणता प्रोग्रॅम वापरत आहे हे त्यावर क्लिक केल्यावर दिसते. प्रत्येक विद्यार्थ्याने हा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करावा. माझ्याकडे त्या यादीत एक फोटो पाहण्याचे साधे ॲप ठाण मांडून बसलेले दिसले होते, तेही त्याची खिडकी बंद केल्यानंतर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने गेले की प्रत्येक ॲपला ‘वीज वाचवा’ किंवा ‘जास्त ताकद’ असे ठरवून देता येते. ब्राउझर, ऑफिस, पीडीएफ वाचक आणि व्हिडिओ कॉलचे ॲप मी वीज वाचवण्याच्या बाजूला बांधून टाकले आहेत. कमांड लाइनवरून कार्डाची स्थिती पाहण्याची सवय असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: एनव्हिडियाची ती आज्ञा चालवल्यावर झोपलेले कार्ड स्वतःच जागे होते, त्यामुळे पुन्हा पुन्हा तपासत राहिल्यास ते कधीच झोपलेले सापडणार नाही.

आणखी एक बाब अनेकांना चकवते. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे पोर्ट थेट स्वतंत्र कार्डाला जोडलेले असते. वर्गात प्रोजेक्टर किंवा घरी मॉनिटर जोडला की कार्ड जागे होते आणि वायर काढेपर्यंत जागेच राहते, मग आपण नुसती स्लाइड दाखवत असलो तरी. सादरीकरण लांब असेल तर चार्जर बरोबर न्यावा. काही लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी पोर्ट आतल्या ग्राफिक्सला जोडलेले असते आणि तिथून मॉनिटर लावल्यास ही अडचण येत नाही. आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहावे. त्याचप्रमाणे ज्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडायची ते बदलणारी सोय आहे, त्यात केवळ स्वतंत्र कार्ड चालवता येते. गेमसाठी ते उपयोगी आहे, पण अभ्यासाच्या दिवसांत स्विच हायब्रिडवरच, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स गरजेप्रमाणे वापरण्यावरच असावा.

आवाजाचा प्रश्न प्रोसेसरशी जोडलेला आहे. या लॅपटॉपमधले प्रोसेसर आपली मूळ गती ओलांडून काही क्षण खूप वर जातात. एएमडीचा रायझेन ५ ५६००एच ३.३ गिगाहर्ट्झवरून ४.२ पर्यंत, तर इंटेलचा आय५ ११४००एच २.७ वरून ४.५ पर्यंत. गती वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वरच्या थोड्याशा गतीसाठी फार मोठी उष्णता सोसावी लागते. वेबपेज उघडले, की प्रोसेसर क्षणभर उसळी मारतो, तापमान चढते, पंखे घोंघावतात आणि दहा सेकंदांनी शांत होतात. वाचनालयाच्या शांततेत हा चढउतार सलग आवाजापेक्षाही जास्त खटकतो, कारण सलग आवाज कानाला सवयीचा होतो, हा होत नाही.

यावर सर्वांत सोपा उपाय विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्येच आहे. प्रगत सेटिंग्जमध्ये प्रोसेसरच्या कमाल स्थितीचा आकडा शंभरवरून नव्व्याण्णव केला की बहुतेक लॅपटॉपवर ही उसळी पूर्ण बंद होते. टक्का एकच कमी केलेला असतो, पण परिणाम प्रचंड होतो: पंखे बहुतेक वेळ ऐकूच येत नाहीत आणि लिहिणे, वाचणे, कोड संपादित करणे किंवा तासिका पाहणे यांत फरक जाणवत नाही. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायचा असेल तर मी तो आकडा परत शंभर करते. निर्मात्याने दिलेला ‘शांत’ मोडही चांगला असतो, मात्र काही मॉडेलमध्ये तो स्वतंत्र कार्डाची वीजसुद्धा इतकी कमी करतो की मॉडेल ट्रेनिंग रेंगाळते. व्होल्टेज कमी करून तापमान उतरवण्याची एक जुनी युक्ती आहे. प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा-त्रुटी २०१९ मध्ये उघड झाल्यानंतर इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती सोय बायोसमधूनच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद करण्यात आली, त्यामुळे तिच्यावर विसंबून खरेदी करण्यात अर्थ नाही.

स्क्रीनबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. १४४ हर्ट्झ हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि त्याचे सुख खरे आहे. सेकंदाला ६० ऐवजी १४४ वेळा, म्हणजे प्रत्येक चित्र १६.७ ऐवजी सुमारे ६.९ मिलिसेकंदांत बदलते, त्यामुळे लांब पीडीएफ सरकवताना अक्षरे फाटल्यासारखी वाटत नाहीत. पण त्याच स्क्रीनबद्दल बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असेही लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. एनटीएससी ही जुन्या टीव्हीच्या मानकातली रंगश्रेणी आहे. वेबवर सर्वत्र वापरली जाणारी एसआरजीबी ही रंगश्रेणी साधारण ७२ टक्के एनटीएससी इतकी भरते. म्हणजे या स्क्रीनला त्यातले जेमतेम साठ-बासष्ट टक्के रंग दाखवता येतात. लाल रंग विटकरी दिसतो, गडद केशरी त्याच्या शेजारी जाऊन बसतो. एका आलेखात मी चार रेषा चार रंगांनी काढल्या होत्या. त्यांतली लाल आणि नारिंगी रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथून पुढे कोणती कुठली हे मला माझ्याच स्क्रीनवर ओळखता येईना. तेव्हापासून मी रेषांना तुटक, ठिपक्यांची आणि सलग असे वेगवेगळे रूप देते, आणि ते रंग नीट न ओळखणाऱ्या वाचकांच्याही सोयीचे आहे. वैद्यकीय स्लाइड, नकाशे, डिझाइन किंवा छायाचित्रण हा ज्यांचा अभ्यासविषय आहे, त्यांनी मात्र या स्क्रीनवर विसंबू नये; एक चांगला बाहेरचा मॉनिटर हा त्यांच्यासाठी गरजेचाच खर्च आहे. साधारण २५० निट्सची चमक घरात पुरते, खिडकीशेजारी पुरत नाही. १६:१० आकाराची स्क्रीन मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, कारण उभ्या दिशेने १०८० ऐवजी १२०० पिक्सेल मिळाल्याने कोडच्या आणि मजकुराच्या अनेक ओळी एका नजरेत मावतात. बॅटरीवर असताना १४४ चे ६० हर्ट्झ करावे. वीज वाचते आणि वाचनात काही अडत नाही.

आता ज्यासाठी हे सगळे सोसायचे त्या ताकदीकडे येऊ. ग्राफिक्स कार्डावर इतर आकडेमोड करू देणारी एनव्हिडियाची कूडा ही व्यवस्था २००७ पासून उपलब्ध आहे आणि आज मशीन लर्निंग शिकवणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांतले कोड तिच्यावरच चालेल असे गृहीत धरून लिहिलेले असते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातातल्या साध्या आरटीएक्स ३०५० लाही फार मोठी किंमत आहे. मोफत क्लाउडवर जागा मिळण्याची वाट पाहावी लागत नाही, सत्र मध्येच तुटत नाही, आणि एखादी कल्पना रात्री सुचली तर ती लगेच चालवून पाहता येते. शिकण्याच्या काळात माझ्या मते याहून मोलाचे काही नाही, कारण चुका लवकर कळतात आणि लवकर दुरुस्त होतात.

मर्यादा आहे ती कार्डावरच्या मेमरीची. ३०५० च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती ४ जीबी असते, ४०५० मध्ये ६ जीबी. हा आकडा अपुरा वाटतो, पण हिशेब मांडून पाहिला तर त्यात काय मावते ते स्पष्ट होते. चित्रे ओळखणाऱ्या रेसनेट-५० या प्रसिद्ध मॉडेलमध्ये सुमारे २.५६ कोटी पॅरामीटर, म्हणजे ट्रेनिंगमध्ये शिकले जाणारे आकडे आहेत. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर ते जवळपास १०० एमबी होतात. ॲडम या नेहमीच्या पद्धतीने ट्रेनिंग करताना तेवढीच जागा ग्रेडियंटला (कोणता आकडा किती बदलायचा याच्या नोंदीला) आणि प्रत्येकी तेवढीच दोन सरासऱ्यांना लागते, म्हणजे एकूण ४०० एमबी. उरलेली सगळी जागा प्रत्येक थरातून बाहेर पडणाऱ्या मधल्या आकड्यांसाठी आहे, आणि ती बॅचच्या, म्हणजे एका वेळी दिल्या जाणाऱ्या उदाहरणांच्या, आकाराप्रमाणे वाढते. म्हणून ‘मेमरी संपली’ असा संदेश आला की मॉडेल सोडून देऊ नये. बॅच लहान करावी, अर्ध्या अचूकतेचे आकडे वापरावेत आणि अनेक लहान बॅचचे ग्रेडियंट साठवून पॅरामीटर एकदाच बदलावेत. हे सगळे करायला भाग पडल्यामुळे मेमरी नेमकी कशासाठी खर्च होते हे मला जितके पक्के समजले तितके ते मोठ्या सर्व्हरवर समजले नसते. भाषेच्या मॉडेलांचा हिशेबही असाच करावा: ७०० कोटी पॅरामीटर ४ बिटांत बसवले तरी ३.५ जीबी होतात, शिवाय संदर्भासाठी जागा लागते, त्यामुळे ४ जीबीत ते पूर्ण मावत नाही आणि ६ जीबीत मावते.

इतर विषयांतही हे कार्ड कामी येते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधले सायकल्स रेंडरिंग प्रोसेसरपेक्षा कितीतरी लवकर होते, आणि व्हिडिओ एन्कोड करण्यासाठी कार्डात वेगळा भाग असल्यामुळे सादरीकरण रेकॉर्ड करताना प्रोसेसर मोकळा राहतो. यंत्रभागांचे आराखडे काढणारे सॉलिडवर्क्स वापरणाऱ्यांनी मात्र ध्यानात घ्यावे की त्यातली वस्तू खऱ्यासारखी दाखवणारी रिअलव्ह्यू ही सोय जीफोर्स (एनव्हिडियाच्या गेमिंग) कार्डांसाठी अधिकृतपणे उपलब्ध नसते. बाकीचे मॉडेलिंग व्यवस्थित चालते. आणि कार्डाच्या नावावर जाऊ नये. ३०५० हेच कार्ड निर्मात्याच्या निवडीप्रमाणे ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कुठेही चालवले जाते आणि ४०५० तर ३५ पासून ११५ पर्यंत. नाव एकच असूनही दोन लॅपटॉपच्या वेगात एवढा फरक का पडतो, याचे उत्तर बहुधा या आकड्यात असते.

या लॅपटॉपचा एक गुण कोणी फारसा सांगत नाही. तो जाड असल्यामुळे उघडता येतो. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डवरच जोडून टाकलेली असते. इथे बहुतेक वेळा रॅमचे दोन आणि एसएसडीचे दोन स्लॉट असतात. किंमत कमी ठेवण्यासाठी अनेक मॉडेलमध्ये ८ जीबीची एकच स्टिक बसवलेली असते. त्यामुळे दोन तोटे होतात. एक तर ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि कोड एडिटर एकत्र उघडले की लॅपटॉप हँग होऊ लागतो. दुसरे म्हणजे एकाच चॅनलवर काम चालते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलमधून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते, दोनांतून ५१.२. प्रोसेसरच्या आतले ग्राफिक्स हीच रॅम वापरते, त्यामुळे दुसरी स्टिक बसवल्याचा फायदा रोजच्या साध्या कामातही जाणवतो. खालचे स्क्रू काढावेत, झाकणाच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी हळूच फिरवत खटके सोडवावेत, आत दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचे कनेक्टर काढावे, आणि मग स्टिक तिरकी सरकवून दोन्ही बाजूंच्या पकडी बसेपर्यंत खाली दाबावी. वॉरंटीच्या अटी आधी वाचून घ्याव्यात. एसएसडीचा दुसरा स्लॉट मी लिनक्ससाठी वापरते. विंडोजच्या ड्राइव्हला हात न लावता वेगळ्या ड्राइव्हवर लिनक्स बसवणे फार निश्चिंतीचे आहे.

वजन मात्र सोसावेच लागते. लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा आणि सोबत विटेसारखा जड चार्जर, हे ओझे रोज खांद्यावर वाहणे शहाणपणाचे नाही. ज्यांच्या लॅपटॉपचे यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग स्वीकारते त्यांनी बॅगेत ६५ किंवा १०० वॅटचा लहान चार्जर ठेवावा आणि मोठा टेबलावरच राहू द्यावा. नोट्स, तासिका आणि कोड यांसाठी ६५ वॅट भरपूर आहेत. जड काम सुरू केले तर कमी पडलेली वीज बॅटरीतून जाईल, एवढेच. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड तसेही पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे ट्रेनिंग टेबलावर परतल्यावर सुरू करणेच योग्य.

बॅगेच्या संदर्भात आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर जी झोप लागते ती फोनसारखी अर्धवट असते. आतून नेटवर्क आणि अपडेट चालू राहू शकतात. एकदा वर्गातून घरी येऊन बॅगेत हात घातला तेव्हा लॅपटॉपची पाठ हाताला चटका बसावा इतकी तापली होती आणि बॅटरी निम्म्याहून खाली गेली होती. बंद बॅगेत हवा खेळत नाही, आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मुळीच मानवत नाही. पॉवर सेटिंग्जमध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ व्हावे, म्हणजे चालू काम ड्राइव्हवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद व्हावा, असे ठरवून द्यावे. एसएसडीमुळे पुन्हा सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात. टेबलावर सतत चार्जर लावून काम करणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा ८० टक्के किंवा त्याहून कमी ठेवावी. पूर्ण भरलेली आणि गरम असलेली बॅटरी सर्वांत लवकर थकते, आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये या दोन्ही गोष्टी नेमक्या एकत्र येतात. निर्मात्याच्या ॲपमध्ये ही सोय बहुधा असते.

गेमबद्दल थोडक्यात. स्वस्त कार्डावर आधुनिक गेम मध्यम सेटिंगवर चांगले चालतात, फक्त टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) मेमरीत मावतील एवढेच ठेवावेत. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली तर तापमान आणि आवाज दोन्ही उतरतात. गेमसाठी मी विंडोजचे वेगळे खाते ठेवले आहे, म्हणजे अभ्यासाच्या खात्यात लाँचर सुरूच होत नाहीत. मन थाऱ्यावर राहते आणि वर सांगितल्याप्रमाणे कार्डही झोपलेले राहते.

देखभाल सोपी आहे, पण ती नियमाने करावी लागते. हवा खालून आत येते, म्हणून गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप कधीच ठेवू नये. मागची बाजू दोन बोटे उचलून धरणारे स्टँड पुरेसे आहे. पंख्यांतली धूळ हवेच्या कॅनने काढताना पाते बोटाने किंवा काडीने अडवून धरावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते. बिजागऱ्यांचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी गाभ्यांत घट्ट केलेले असतात, आणि झाकण एका कोपऱ्याने उघडत राहिल्यास तो गाभा हळूहळू सुटत जातो. झाकण नेहमी मधोमध धरून उघडावे. काही वर्षांनी पूर्वीइतक्याच कामाला तापमान जास्त दिसू लागले तर धूळ काढल्यावर ते उतरते का ते पाहावे, आणि उतरत नसेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांकडे पोहोचवणारा लेप) बदलून घ्यावी. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, क्लिक करताना अडखळू लागला किंवा खालचे झाकण टेबलावर सपाट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशा वेळी चार्जिंग तत्काळ थांबवावे, तिला टोचू किंवा दाबू नये, आणि जाणकाराकडून ती बदलून घेईपर्यंत लॅपटॉप बंदच ठेवावा.